पट्टी शेतात आहे, ती कागदावरही येऊ द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नागपूर

प्रत: नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, भारतीय विमानतळ प्राधिकरण, नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण

विषय: खासगी जमिनीवरील अल्ट्रालाइट उड्डाणपट्टीला मान्यता देण्याची कार्यपद्धती ठरवून देण्याबाबत

महोदय,

शेतजमिनीवर अल्ट्रालाइट विमानासाठी पट्टी करायची असेल तर अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, एवढाच साधा प्रश्न आहे. एका कार्यालयात सांगतात, विमान हा केंद्राचा विषय. दुसरीकडे सांगतात, आधी जमिनीचा अकृषक आदेश आणि पोलिसांचे ना-हरकत आणा, मग बघू. तिसऱ्या ठिकाणी विचारतात, परवानगी कोणी दिली ते दाखवा. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि फाइल मात्र फिरत राहते. आमची मागणी अशी की या कामासाठी जिल्ह्यात एक संयुक्त स्थळपाहणी व्हावी, एक तपासणी-यादी असावी आणि तिच्यावर ठरलेल्या मुदतीत एक लेखी आदेश निघावा, होकाराचा किंवा कारणांसह नकाराचा. त्या यादीत काय हवे आणि का हवे, ते सांगायला हे पत्र.

बोलताना आपण ज्याला अल्ट्रालाइट म्हणतो त्याला आपल्या नियमांत मायक्रोलाइट म्हणतात. जास्तीत जास्त दोन आसने आणि इंधन-माणसांसकट वजन साधारण ४५० किलोपर्यंत, म्हणजे रिकाम्या अल्टो गाडीपेक्षाही कमी. ७ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात अल्ट्रालाइट आणि मायक्रोलाइटचा नाव घेऊन समावेश आहे. विमान नियम, १९३७ मधील नियम ७८ पाहिला तर नियमित प्रवासी सेवेसाठी किंवा भाडे घेऊन प्रवासी-माल नेण्यासाठी परवानाधारक विमानतळ लागतो. परवाना नसलेल्या जागेवरून उड्डाण करायचे असेल तर महासंचालकांनी ठरवलेल्या किमान सुरक्षा अटी पाळाव्या लागतात. म्हणजे कायद्यात वाट आहे. त्या अटी पाळल्या आहेत की नाहीत हे जमिनीवर येऊन कोण पाहणार आणि लिहून कोण देणार, तिथे ती अडते. खासगी वापराचा पूर्ण विमानतळ परवाना घ्या, असे सुचवले जाते. रविवारी सकाळी दोन विमाने उडणाऱ्या पट्टीला ते माप लागू पडत नाही.

जागेच्या निवडीपासून सुरुवात करू, कारण निम्मे अर्ज तिथेच निकाली निघाले पाहिजेत. नागपूरच्या भोवती मोकळे आकाश दिसते तेवढे मोकळे नाही. सोनेगावचे आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि हवाई दलाचा वावर आहे. उत्तरेला कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या आणि तिथून निघणाऱ्या अतिउच्च दाबाच्या वाहिन्या आहेत, मौद्याकडेही तेच. अंबाझरीला आयुध निर्माणी, बाजारगाव-कोंढाळीच्या पट्ट्यात स्फोटकांचे कारखाने. पारशिवनी-रामटेककडे पेंच, उमरेड-कुही-भिवापूरकडे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य, आणि उमरेडच्या कोळसा खाणींतले स्फोट वेगळेच. हे सगळे एका नकाशावर चढवून, ‘इथे अर्जच करू नका’ असा भाग जिल्हा प्रशासनाने आधीच रंगवून द्यावा. लोकांचा पैसा आणि कार्यालयाचा वेळ दोन्ही वाचतील. उरलेल्या भागात पट्टीच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ प्रणालीत (जीपीएस वापरते तीच), सेकंदापर्यंत, अर्जातच मागावेत. ‘मौजा अमुक, खसरा तमुक’ एवढ्यावर हवाई वाहतूक नियंत्रणाला काहीच ठरवता येत नाही.

आता लांबी. विमानाच्या पुस्तिकेत लिहिलेले अंतर समुद्रसपाटीचे, १५ अंश तापमानाचे आणि कडक धावपट्टीचे असते. आपले नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, म्हणजे हजार फूट उंच. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश धरतात. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की फरक ३२ अंशांचा होतो. प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट धरले तर पंख आणि इंजिनच्या दृष्टीने तीच पट्टी जवळपास ४,८०० फूट उंचीवर जाते. हवा विरळ, इंजिनची ताकद कमी, प्रोपेलरची पकडही कमी. वैमानिकांचा रूढ ठोकताळा असा आहे: हजार फूट उंचीला १० टक्के, दर १० अंशांना १० टक्के, कोरड्या आखूड गवताला २० टक्के आणि शेवटी एकूण अंतराला १.३३ ने गुणायचे. पुस्तिकेत १५ मीटर उंची गाठायला २०० मीटर लिहिले असतील तर उंचीमुळे २२० होतात, ३० अंश जास्त उष्णतेमुळे २९३, गवतामुळे ३५१ आणि सुरक्षेच्या गुणकाने ४६७ मीटर. म्हणून आम्ही ५०० मीटरचा आग्रह धरतो. ३०० मीटरची पट्टी जानेवारीच्या सकाळी पुरते, त्यामुळे ती चालते असा समज होतो, आणि एप्रिलच्या एखाद्या संध्याकाळी दोन माणसे बसवून निघालेले विमान पट्टीच्या टोकाला जेमतेम उचललेले असते. अशा पट्टीला मान्यता देऊ नये, हे आम्हीच सांगतो आहोत.

रुंदी १८ मीटर. पट्टीच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ३०-३० मीटर आणि दोन्ही टोकांपुढे ३०-३० मीटर सपाट, मोकळी जागा. म्हणजे ५६० गुणिले ६० मीटर, ३.३६ हेक्टर, साधारण ८.३ एकर. लांबीतला उतार २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. पावसाचे पाणी बाजूला पडेल एवढा आडवा ढाळ असावा, तोही २ टक्क्यांच्या आतच. नाली या ६० मीटर रुंद जागेच्या बाहेर खणायची. पट्टीला लागून खणलेली नाली पाणी काढते खरी, पण भरकटलेल्या विमानाचे चाकही तीच मोडते.

दिशा ठरवताना शेताच्या धुऱ्याला समांतर पट्टी आखायची सवय आहे. ती सोडावी लागेल. प्रादेशिक हवामान केंद्राकडून वाऱ्याची आकडेवारी घ्यावी आणि ताशी १९ किलोमीटरपेक्षा जास्त आडवा वारा नसेल असा काळ ९५ टक्के मिळतो का, ते पाहावे. सोनेगावची धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे, तो एक अंदाज. ऐन उन्हाळ्यात दुपारी वावटळी उठतात, तेव्हा कुठलीही दिशा उपयोगाची नाही. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर एवढीच वेळ आदेशात घातली तरी आमची हरकत नाही. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, किमान ३.६ मीटर लांब, तोंडाशी ०.९ मीटर व्यासाचा, ३०० मीटर उंचीवरून दिसेल असा. लग्नाच्या मांडवाचे कापड शिवून केलेली पिशवी विंडसॉक होत नाही: कापड जड असले की हलक्या वाऱ्यात ती लोंबकळतच राहते.

जमिनीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पट्टी बिघडते ती इथे. आपली कन्हार, म्हणजे भारी काळी जमीन, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अल्ट्रालाइटच्या पुढच्या चाकाची रुंदी जेमतेम १० सेंटीमीटर. भेगेची कड ढासळली की चाक अडकते, पुढचा पाय मागे वाकतो, प्रोपेलर जमिनीला लागतो आणि मग गिअरबॉक्स उतरवून तपासल्याशिवाय विमान पुन्हा उडवता येत नाही. उपाय मुरमाचा. ५०० गुणिले १८ मीटरवर दाबून १५ सेंटीमीटर थर हवा असेल तर १,३५० घनमीटर लागतात, म्हणजे सुमारे ४७७ ब्रास. मोकळा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून २५ टक्के वाढवून ६०० ब्रासची तयारी ठेवावी. वरची भुसभुशीत माती खरवडून काढायची, खाली जिओटेक्स्टाइल (माती आणि मुरूम वेगळे ठेवणारे कृत्रिम कापड) घालायचे किंवा चुना मिसळून घट्ट केलेला थर द्यायचा, आणि मुरूम दोन थरांत, पाणी मारून, रोलरने दाबायचा. हा खालचा थर वाचवला तर दोन-तीन पावसाळ्यांत मुरूम मातीत बुडतो आणि पट्टी पुन्हा काळी होते. एवढा मुरूम हायवा भरभरून गावातून जाणार, तर पटवाऱ्यापासून सरपंचापर्यंत सगळे विचारणारच. म्हणून गौण खनिजाची परवानगी आणि वाहतूक पास याच फाइलमध्ये, याच आदेशाने मिळावेत. पृष्ठभाग तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. जीप पट्टीवरून ताशी ४५ ते ५० किलोमीटर वेगाने न्यावी. आत बसलेल्याला धरून बसावे लागले तर पट्टी नापास.

आता त्या एका खांबाकडे वळतो, ज्याच्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. शेतात कृषिपंपाची नवी जोडणी मंजूर होते. उच्चदाब प्रणालीत प्रत्येक पंपाजवळ छोटे रोहित्र बसते आणि तिथपर्यंत ११ केव्हीची तार येते. खांब ९ मीटरचा, सहावा भाग जमिनीत, म्हणजे जमिनीवर ७.५ मीटर. लहान धावपट्टीसाठी विमान उतरण्याच्या मार्गातला मोकळा उतार १ ला २० असतो, म्हणजे दर २० मीटर अंतराला १ मीटरपेक्षा उंच काही नको, आणि तो धावपट्टीच्या टोकापासून ३० मीटरवर सुरू होतो. साडेसातची वीसपट १५०, अधिक ३०. टोकापासून १८० मीटरच्या आत असा खांब नको. तो १२० मीटरवर आला तर काय होते? खांब वैमानिकाला दिसतो, तार दिसत नाही. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उतरताना सूर्य समोर असतो, तार त्या प्रकाशात विरघळते आणि विमान नेमके त्याच उंचीवरून येत असते. यात महावितरणचा दोष काढता येत नाही: त्यांच्या नकाशावर तिथे पट्टी नाही, पऱ्हाटीचे शेत आहे. ज्या शेतकऱ्याला पाणी हवे आहे त्याचाही नाही. पट्टीची नोंद कुठेच नसल्याने खांबाची जागा ठरवणाऱ्याला विचारायला कोणी नाही. नोंद असती तर खांब बाजूच्या धुऱ्याने गेला असता किंवा शेवटचे दोनशे मीटर भूमिगत केबल टाकता आली असती, तीही अर्थातच पट्टीवाल्याच्या खर्चाने. मोबाइलच्या ४० मीटर मनोऱ्याला हाच हिशेब लावला तर उतरणीच्या मार्गात तो टोकापासून ८३० मीटरच्या आत नको.

यासाठी शेजाऱ्यांच्या जमिनीवर कसले आरक्षण नको आहे. टोकापासून १३० मीटरवर ५ मीटर उंची चालते. तिथे कापूस, सोयाबीन, तूर बिनघोर. संत्र्याचा बगीचाही छाटणी करत राहिले तर बसतो. अडतो तो धुऱ्यावरचा साग आणि जुनी बाभूळ. उतरणीच्या मार्गातल्या तेवढ्या तुकड्यापुरता शेजाऱ्याशी नोंदणीकृत करार आणि दरवर्षी ठरलेला मोबदला, ही अट मान्यतेतच घालावी, आणि पट्टीच्या सात-बारावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात तिचा उल्लेख यावा. जमीन विकली गेली, वारस बदलले, तरी मग वाद होणार नाही. पट्टी सलग दोन वर्षे वापरली गेली नाही तर मान्यता आपोआप संपेल आणि मुरूम काढून जमीन शेतीला परत द्यावी लागेल, अशी अटही हवी. विमानाच्या नावाखाली जमीन अकृषक करून पुढे प्लॉट पाडले जातील अशी शंका महसूल खात्याला येते. ती रास्त आहे आणि या अटीने ती मिटते.

इंधनाच्या बाबतीत नागपूरकरांची एक सोय आहे: स्फोटके आणि पेट्रोलियम सुरक्षेच्या केंद्रीय संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालयच सेमिनरी हिल्सवर आहे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येते, तेही धातूच्या २५ लिटरपर्यंतच्या बंद डब्यांत. अल्ट्रालाइटमध्ये वापरले जाणारे रोटॅक्स ९१२ इंजिन ताशी १५ ते १८ लिटर घेते, म्हणजे दोन तासांचे उड्डाणही त्यात पुरे होत नाही. मग गाडीच्या डिकीत कॅनमधून पेट्रोल येते, आणि या सगळ्या व्यवहारातली सर्वांत धोकादायक गोष्ट तीच. शिवाय पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि रोटॅक्सची मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल पाणी ओढते, जुने रबरी पाइप मऊ पडतात, आणि मे महिन्यात तापलेल्या इंजिनाजवळच्या नळीत इंधनाची वाफ होऊन प्रवाह तुटतो. मान्यताप्राप्त जागा असेल तर विमानाचे योग्य इंधन मागवता येईल, पेसोच्या नियमांनी साठवता येईल आणि तपासताही येईल. जागेलाच कागद नसेल तर साठवणुकीचा अर्ज कोणत्या पत्त्यावर करायचा?

सुरक्षा यंत्रणांची काळजी आम्हाला समजते. डिसेंबर १९९५ मध्ये पुरुलियात आकाशातून शस्त्रे टाकली गेली. महानगरांत पॅराग्लायडर, मायक्रोलाइट, ड्रोनवर पोलीस वेळोवेळी बंदी घालतात, तीही विनाकारण नसते. म्हणूनच नोंदलेली पट्टी पोलिसांच्याही सोयीची. प्रत्येक उड्डाणाचा हवाई संरक्षण मंजुरी क्रमांक आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) क्रमांक, वैमानिकाचे नाव, उड्डाणाची व उतरण्याची वेळ, अशी पाने क्रमांकित असलेली वही पट्टीवर ठेवावी आणि ठाणेदाराने ती केव्हाही मागावी. उभ्या विमानाच्या प्रोपेलरला साखळी-कुलूप, दोन किल्ल्या दोन माणसांकडे. सूर्यास्तानंतर उड्डाण नाही. गावठाण, शाळा आणि गोठ्यांवरून फेरी नाही. विमानाने पट्टीच्या कोणत्या बाजूने फेरी घालायची, ती बाजू मान्यतेतच ठरवावी. पोलीस पाटलाकडे पट्टीवरच्या जबाबदार माणसाचा नंबर असला की रात्री गावात उठलेली अर्धी अफवा तिथेच शमते.

कुंपण हवेच. रोही आणि रानडुकरे रात्री गवतावर येतात आणि पहाटे, नेमक्या उड्डाणाच्या वेळी, निघून जात असतात. दोन्ही टोकांना कुंपण बुटके ठेवून झटका मशीन आणि बाजूंना जाळी, असे करावे लागते, कारण टोकाचे उंच कुंपण हाही अडथळाच. विमानतळाभोवती १० किलोमीटरमध्ये घाण आणि मांसाचे तुकडे टाकायला नियम ९१ ने मनाई आहे. लहान पट्टीला एवढे मागत नाही, पण कोंबडीच्या दुकानांचा कचरा पट्टीच्या टोकाला पडू नये एवढे ग्रामपंचायतीने पाहावे. घारी तिथेच घिरट्या घालतात.

आणखी एक गोष्ट, जी अग्निशमन दल आणि १०८ च्या रुग्णवाहिकेला कोणी सांगितलेली नसते. बऱ्याच अल्ट्रालाइटमध्ये अख्खे विमान खाली आणणारे पॅराशूट असते आणि ते छोट्या रॉकेटने बाहेर फेकले जाते. अपघातात ते उडाले नसेल तर रॉकेट तसेच जिवंत राहते. मदतीला धावलेल्या माणसाने पत्रा कापताना त्याची तार कापली किंवा लाल मूठ ओढली गेली तर रॉकेट जवळच्या माणसाला लागते. म्हणून आधी रॉकेट जिथून बाहेर पडते त्या झाकणावरचे इशाऱ्याचे चिन्ह शोधायचे, त्या रेषेत उभे राहायचे नाही, मुठीला हात लावायचा नाही आणि माणसाला दुसऱ्या बाजूने काढायचे. मान्यता देताना जवळच्या ठाण्यातील आणि अग्निशमन केंद्रातील लोकांना हे विमानाशेजारी उभे करून अर्धा तास दाखवणे सक्तीचे करावे. शिकवायला आम्ही येऊ.

तर आदेशात एवढे असावे: पट्टीचे अक्षांश-रेखांश, दिशा, लांबी-रुंदी, कोणते विमान, किती वजनापर्यंत, कोणत्या वेळी, फेरीची बाजू आणि उंची, सोनेगावच्या नियंत्रण कक्षाशी झालेल्या करारपत्राचा क्रमांक, जबाबदार माणूस, आणि दरवर्षी ऑक्टोबरमध्ये अडथळ्यांची नव्याने मोजणी. आदेशाची प्रत महावितरण, नगररचना, वन, पोलीस आणि ग्रामपंचायतीला जावी. महासंचालनालयाने नियम ७८ मधील किमान अटी अल्ट्रालाइट पट्टीपुरत्या दोन पानांत, मराठीतही, काढून द्याव्यात. आज विमा कंपनीचा पहिला प्रश्न असतो की विमान उतरले ती जागा अधिकृत होती का. तिथे ‘नाही’ लिहावे लागले की ज्याच्या शेतात विमान पडले त्या शेतकऱ्याची भरपाई अडते. मान्यता वैमानिकापेक्षा त्याला जास्त उपयोगी आहे.

पहिली संयुक्त पाहणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवावी, अशी विनंती. पाऊस नुकताच सरलेला असतो, पाणी कुठे साचले त्याच्या खुणा ताज्या असतात आणि तूर उभी असल्याने शेजारच्या पिकाची उंचीही दिसते. दुसरी फेरी मे महिन्यात, भेगा मोजायला. टेप, उंच-सखलपणा मोजायची डंपी लेव्हल, जीपीएस आणि जीप आमच्याकडून असेल. पट्टीच्या दोन्ही टोकांपुढे १८० मीटरवर साडेसात मीटरचे बांबू रोवून, वर लाल फडके बांधून ठेवू, म्हणजे कोणता खांब चालतो आणि कोणता नाही ते आपल्या अधिकाऱ्यांना पट्टीवर उभे राहूनच दिसेल.

आपले,
नागपूर जिल्ह्यातील अल्ट्रालाइट वैमानिक, यंत्रज्ञ आणि पट्टीसाठी जमीन देणारे शेतकरी